ऱ्योकानमध्ये तीन वाजता पोचा

तुम्ही बडोद्यात असाल, बेळगावात, हैदराबादेत किंवा माझ्यासारखे इंदुरात, जपानला जायचं ठरलं की एक प्रश्न सगळ्यांचा सारखाच असतो. "एक रात्र तरी पारंपरिक जपानी मुक्कामाच्या घरात राहायचंय. पण माणशी चाळीस-पन्नास हजार येन? त्यात एवढं असतं तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. येनचा भाव वरखाली होत असतो, पण एक येन म्हणजे साधारण 55 ते 60 पैसे धरले, तर दोघांच्या एका रात्रीचे पन्नास हजार रुपये होतात. एवढ्या पैशांत आपल्याकडे चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलात दोन-तीन रात्री निघतात.

आज याचं उत्तर देते. पण आधी एक कबुली. हेच पैसे मी एकदा भरले आणि पाण्यात घातले. फसवणूक कुणी केली नाही, चूक माझीच होती. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा भाग.

आठ वाजून वीस मिनिटं

आईला जपानला न्यायचं माझ्या मनात फार दिवस होतं. आई शाळेत शिक्षिका होती. घर एकत्र, माणसं भरपूर. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती शेवटच्या पंगतीला बसायची. तिच्या पानात तव्यावरची गरम पोळी पडलेली मला आठवतच नाही. म्हणून मी ठरवलं होतं, एक रात्र तरी अशा ठिकाणी न्यायचं जिथे कुणीतरी आईला समोर बसवून वाढेल.

ठिकाण निवडलं हाकोने. टोकियोपासून जवळ, डोंगरातलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. शिंजुकू स्टेशनवरून रोमान्सकार नावाची गाडी सुटते, ती दीड तासाच्या आत हाकोने-युमोतोला पोचवते. मी एका जुन्या ऱ्योकानमध्ये माणशी 45 हजार येनची खोली घेतली.

(हा शब्द आपल्याला जड नाही बरं का. 'दऱ्याखोऱ्या' म्हणताना जो 'ऱ्या' आपण सहज उच्चारतो, तोच इथे आहे. ऱ्यो-कान.)

आणि मग मी काय केलं? जे आपण हॉटेलच्या बाबतीत नेहमी करतो तेच. "खोली काय, झोपायलाच लागते. दिवस वाया कशाला घालवायचा?" असं म्हणून सकाळी आसाकुसाचं सेन्सोजी मंदिर, दुपारी खरेदी, मग एक गाडी चुकली, पुढच्या गाडीने निघालो. डोंगरात अंधार लवकर पडतो. बस शोधून पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

दारात किमोनो नेसलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्या घराच्या मालकीणबाई. त्यांना ओकामी म्हणतात. त्यांनी मला दोनदा फोन केला होता, माझा फोन सायलेंटवर होता. त्या एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. वाकून नमस्कार केला, बॅगा आत घेतल्या. पण जेवणाची शेवटची वेळ सातची होती. स्वयंपाकघर आवरलं होतं. आमच्यासाठी मांडलेलं जेवण एकामागून एक गरम आणून वाढायचं होतं, ते आता शक्य नव्हतं.

त्यांनी भाताचे मुटके, उमेबोशी म्हणजे खारवलेली आंबट फळं, आणि मिसो सूप पाठवलं. सूपमध्ये माशाचा अर्क असतो आणि आई शाकाहारी. म्हणजे आईने त्या रात्री काय खाल्लं? भात आणि लोणचं. पन्नास हजार रुपयांत.

मी चिडचिड करत होते. आई मात्र शांतपणे म्हणाली, "अगं, मला त्या बाईंचं वाईट वाटतंय. कुणी जेवायला बोलवावं, पानं मांडून वाट बघावी आणि आपण जाऊच नये, असं झालं हे."

मी वाचलेल्या सगळ्या माहितीत जे मला कळलं नव्हतं, ते आईने एका वाक्यात सांगितलं. आपण ऱ्योकानचं बुकिंग 'खोली' म्हणून करतो. तिथली माणसं ते 'आमंत्रण' म्हणून घेतात. आणि आमंत्रणाला वेळ असते.

खोलीआधी जेवण

ही रीत आली कुठून, ते थोडक्यात बघू.

एदो म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारा जुना रस्ता म्हणजे तोकाइदो. त्यावर 53 टप्पे होते, हाकोने त्यातलाच एक. 1635 मध्ये शोगुनने सरदारांवर सक्ती केली, की त्यांनी आळीपाळीने आपल्या मुलखात आणि एदोत राहायचं. त्यामुळे शेकडो माणसांचे लवाजमे या रस्त्यांवरून कायम ये-जा करू लागले. सरदारांसाठी होनजिन नावाची मोठी घरं होती. सामान्य वाटसरूंसाठी दोन सोयी होत्या. एक, किचिन-यादो, जिथे तुम्ही फक्त सरपणाचे पैसे द्यायचे आणि आपला शिधा आपण शिजवायचा. दुसरी हातागो, जिथे रात्रीचं जेवण, अंथरूण आणि सकाळची न्याहारी मिळायची.

आजचा ऱ्योकान या हातागोच्या वळणाचा आहे. म्हणून त्याचा दर आजही 'एक रात्र, दोन जेवणं' असा सांगतात. जपानीत इप्पाकु निशोकु. आणि म्हणूनच तो दर खोलीमागे नसून माणशी असतो. आपण भारतातून बघताना 45 हजार येन हा खोलीचा दर समजतो आणि दोघांचे 90 हजार झाल्यावर दचकतो. तिथल्या हिशेबात मात्र दोन माणसं म्हणजे चार जेवणं.

ही घरं किती जुनी असावीत? यामानाशीतलं केइउनकान इसवी सन 705 पासून चालू आहे, जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून त्याची गिनेस नोंद आहे. इशिकावातलं होशी 718 मधलं, एकाच घराण्याच्या 46 पिढ्यांनी चालवलेलं. क्योतोतलं हिइरागिया 1818 चं. त्याच्या जवळचं तावाराया तीनशे वर्षांहून जुनं, आणि आजही तिथे खोल्या फक्त 18.

अठराच खोल्या! हॉटेलच्या धंद्यात हा आकडा वेडेपणाचा वाटेल. पण प्रत्येक पाहुण्याला ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने, हाताने वाढायचं असेल, तर खोल्या वाढवता येत नाहीत. पैसे जातात ते इथे, माणसांवर आणि स्वयंपाकघरावर. हे गणित सांभाळणं सोपं नाही. 1980 च्या सुमारास जपानमध्ये 80 हजारांवर ऱ्योकान होते, 2017 पर्यंत ते 40 हजारांच्या खाली आले.

दुपारी तीन ते सकाळी दहा

आता समजा तुम्ही माझ्यासारखं न करता वेळेवर, म्हणजे दुपारी तीनला पोचलात. काय होतं?

दारातच बूट काढायचे. याचं आपल्याला काही सांगायला नको. आत सपाता मिळतात, पण तातामीवर, म्हणजे गवताच्या विणलेल्या चटयांवर, सपातासुद्धा नको, फक्त मोजे. संडासासाठी वेगळ्या सपाता असतात, त्या तिथेच सोडून यायचं. नवखे लोक त्या घालून थेट खोलीपर्यंत येतात आणि हसू होतं.

तुमची देखभाल करणाऱ्या बाईंना नाकाई-सान म्हणतात. त्या खोलीत नेऊन बसवतात, चहा आणि गोड वडी देतात, जेवणाची वेळ विचारतात. खोलीत एक उंचवट्याचा कोनाडा दिसेल, तोकोनोमा. त्यात एखादं चित्र किंवा सुलेखन टांगलेलं असतं, खाली एखादं फूल. जागा रिकामी दिसते म्हणून आपण तिथे बॅग ठेवतो. कृपा करून ठेवू नका. आपल्या देवघरात कुणी सूटकेस टेकवली तर कसं वाटेल, तसं ते आहे.

मग युकाता. हा सुती झगा घालून तुम्ही घरभर फिरू शकता, जेवायलाही जाऊ शकता. एकच नियम: उजवी बाजू आधी अंगाला लावायची, तिच्यावर डावी. उलटं फक्त मृत व्यक्तीला नेसवतात. आपल्याकडे जानव्याचं सव्य-अपसव्य असतं, त्यावरून हे लक्षात ठेवा.

जेवणाआधी स्नान. त्यावर पुढे बोलते. सहा-साडेसहाला जेवण. जुन्या पद्धतीत ते खोलीतच वाढतात. आता माणसं कमी पडतात म्हणून अनेक ठिकाणी वेगळ्या जेवणघरात. तुम्ही जेवून येईपर्यंत खोलीत गादी घातलेली असते. ज्या खोलीत दुपारी चहा प्यायलात, तीच रात्री झोपायची खोली होते.

सकाळी पुन्हा स्नान, मग भात, सूप, लोणची आणि इतर बऱ्याच वाट्यांची न्याहारी. दहा-अकराला निघायचं. निघताना घरातली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहतात आणि तुम्ही वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहतात.

बघा, या एकोणीस तासांतला जवळजवळ प्रत्येक तास आधीच ठरलेला आहे. तुम्ही रात्री आठला गेलात, तर त्यातलं निम्मं संपलेलं असतं.

पानात काय येतं

ऱ्योकानच्या जेवणाला काइसेकी म्हणतात. यात एक गंमत आहे. उच्चार एकच, पण लिहायचे शब्द दोन. एक काइसेकी म्हणजे मेजवानीचं जेवण. दुसरं चहाच्या विधीआधीचं साधं जेवण, ज्याचा अक्षरशः अर्थ 'उराशी धरलेला दगड'. झेन भिक्षू भूक मारण्यासाठी कोमट दगड पोटाशी धरत, अशी त्यामागची कथा. आजच्या ऱ्योकानमधल्या जेवणात या दोन्हींची सरमिसळ झालेली दिसते.

आपल्या पानात सगळं एकदम वाढतात, डावी-उजवी बाजू ठरलेली असते. इथे क्रम वेळेचा असतो. आधी छोटा घास, मग हंगामातले पदार्थ मांडलेलं तबक, झाकणाच्या वाटीतलं सूप, कच्चा मासा, भाजलेलं, शिजवलेलं, आणि अगदी शेवटी भात, मिसो आणि लोणचं. भात आला की समजायचं, जेवण संपत आलं. शेवटी थोडं फळ.

प्रत्येक वाटीत दोन-तीन घास. पहिल्यांदा वाटतं, यात पोट कसं भरणार? पण दीड-दोन तास हे चालतं, आणि भात येईपर्यंत तुम्ही तृप्त झालेले असता. ऋतू मात्र काटेकोर. शरदात मेपलचं पान, वसंतात बांबूचे कोंब. भांडीसुद्धा ऋतूप्रमाणे बदलतात.

आणि टिप? देऊ नका. सेवेचे पैसे दरात धरलेले असतात. टेबलावर नोटा ठेवून गेलात, तर विसरल्या समजून कुणीतरी मागे धावत येण्याचीच शक्यता जास्त.

शाकाहारी मंडळींसाठी, नीट ऐका

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक प्रकारचा अर्क. तो बहुतेक वेळा कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. तो सूपमध्ये असतो, भाजीच्या रश्श्यात असतो, टोफूवर घातलेल्या सॉसमध्ये असतो. म्हणून "मी मांस-मासे खात नाही" एवढं सांगून भागत नाही. समोरचा माणूस प्रामाणिकपणे मासा काढून ठेवतो आणि रस्सा तसाच राहतो.

सांगायचं असं: "मासा नको, माशाची दाशीही नको. कोंबूची किंवा शिइताके मशरूमची चालेल." कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ. अंडं आणि दूध चालतं की नाही, तेही सांगा. आणि हे बुकिंग करतानाच लिहून कळवा. दारात पोचल्यावर सांगून उपयोग नाही, कारण तुमच्या पानासाठीचं सामान आधीच आणलेलं असतं. काही ऱ्योकान स्पष्ट नाही म्हणतील. त्यात वाईट वाटून घेऊ नका. खोटं हो म्हणण्यापेक्षा ते बरं.

मी तर हेसुद्धा केलं नव्हतं. फॉर्ममध्ये एका रकान्यात 'व्हेजिटेरियन' एवढा एकच शब्द टाकून मोकळी झाले होते. म्हणजे त्या रात्री वेळेवर पोचलो असतो, तरी आईच्या पानात काय काय आलं असतं, देव जाणे.

पाणी, लाज आणि गोंदण

आता स्नान. ओनसेन म्हणजे जमिनीतून येणारं गरम पाणी. 1948 च्या कायद्यानुसार ते 25 अंशांहून अधिक तापमानाचं असावं लागतं, किंवा त्यात ठरावीक खनिजं असावी लागतात. बिलात बहुतेक ठिकाणी माणशी 150 येन स्नानकर दिसेल, तो याचाच.

हौदात उतरण्याआधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून, साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची. हौद फक्त पाण्यात बसण्यासाठी. स्त्री-पुरुषांचे हौद वेगळे. पण कपडे अजिबात नाहीत, छोटा पंचासुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. अनेक ठिकाणी सकाळी दोन्ही हौदांची अदलाबदल करतात, त्यामुळे दाराचा पडदा बघूनच आत जा.

इथे आपल्यातले बरेच जण अडतात, विशेषतः आईच्या पिढीतल्या बायका. त्यात दुसरी अडचण गोंदणाची. अंगावर गोंदवून घेणं जपानमध्ये याकुझा टोळ्यांशी जोडलं गेलं, म्हणून अनेक स्नानगृहांत टॅटूला मनाई असते. आईच्या हातावर लहानपणी गोंदलेलं छोटं तुळशी वृंदावन आहे. तिला आधी काळजी आणि मग हसू आलं, "म्हणजे मी इथे गुंड की काय?"

दोन्हींवर उपाय एकच. काशिकिरी, म्हणजे ठरावीक वेळासाठी तुमच्यापुरतं मिळणारं खासगी स्नानगृह. काही ठिकाणी ते मोफत, काही ठिकाणी वेगळे पैसे. त्या रात्री ओकामींनी न मागता आमच्यासाठी पहाटेची वेळ राखून ठेवली. सकाळी सहाला आई आणि मी त्या लाकडी हौदात बसलो. बाहेर धुकं होतं. आईचे गुडघे दुखतात, ती अर्धा तास काही बोललीच नाही. त्या मुक्कामात आमच्या पदरात पडलेली ती एकच गोष्ट.

एक सावधगिरी सांगते. पाणी बहुधा 40 ते 42 अंश असतं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका, आणि वयस्कर माणसाला एकटं सोडू नका.

डोंगरावरच्या मठात

आमचा प्रवास तिथे संपला नव्हता. तीन दिवसांनी कोयासानला एक रात्र ठरली होती. वाकायामा प्रांतातला हा डोंगर. कुकाइ नावाच्या आचार्यांनी इथे शिंगोन बौद्ध पंथाचं केंद्र उभारलं. सम्राटाने त्यांना जागा दिली ते साल 816. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून रेल्वेने गोकुराकुबाशीला जायचं आणि तिथून केबल कारने वर.

वर सव्वाशेच्या आत-बाहेर मंदिरं-मठ आहेत, आणि त्यातले सुमारे पन्नास मठ पाहुण्यांना ठेवून घेतात. या मुक्कामाला शुकुबो म्हणतात. या वेळी मी काय केलं सांगते. मोठी बॅग तक्क्युबिनने, म्हणजे तिथल्या सामान पोचवणाऱ्या सेवेने, थेट पुढच्या हॉटेलला पाठवली. हातात एक पिशवी. आणि दुपारी तीनला मठाच्या दारात.

जेवण साडेपाचला. शोजिन र्योरी हे भिक्षूंचं जेवण. मासा नाही, मांस नाही, दाशी कोंबूची, आणि कांदा-लसूणही वर्ज्य. (जैन मंडळींनी मात्र लक्षात ठेवा, कंदमुळं यात असतात.) एक तरुण भिक्षू आला. आईसमोर गुडघ्यांवर बसला आणि लाखेचं लाल तबक तिच्यापुढे ठेवलं. तिळाचा मऊ टोफू, गोठवून वाळवलेल्या कोया-टोफूची भाजी, भाज्यांचा गरम तेम्पुरा. आई जमिनीवर बसू शकत नाही, हे मी आधी कळवलं होतं, म्हणून तिच्यासाठी बुटकी खुर्ची मांडली होती.

आईने हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गरम आहे गं."

मला दुसरं काही नको होतं.

पहाटे मंदिरात गोमा होता. आगीत लाकडाच्या समिधा, तेल, धान्य अर्पण करत मंत्र म्हणतात. आई कानात कुजबुजली, "हा तर होम!" खरंच तसं आहे. 'गोमा' हा शब्द संस्कृत 'होम' वरूनच गेलेला. कुकाइ 804 मध्ये चीनला गेले, तिथे भारतातून आलेल्या परंपरेचं शिक्षण घेतलं, संस्कृत शिकले. शिंगोन पंथात आजही सिद्धम् लिपीतलं 'अ' हे अक्षर समोर ठेवून ध्यान करतात. शाळेत आयुष्यभर पहिलीच्या मुलांना 'अ' गिरवायला शिकवलेली माझी आई त्या अक्षरासमोर बराच वेळ उभी होती.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. इथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, 2015 मध्ये उभारलेला. गेलात तर तिथे जरूर जा. आणि ओकुनोइनला दोन किलोमीटरची सीडर वृक्षांखालची वाट चाला. दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत.

शुकुबोचे दर मोठ्या ऱ्योकानच्या मानाने बरेच कमी असतात. खोल्या साध्या, काही ठिकाणी भिंती पातळ, संडास-न्हाणी सामाईक. आता काही मठांत स्वतंत्र न्हाणी आणि बाग असलेल्या महागड्या खोल्याही आहेत. पण शाकाहारी माणसाला काइसेकीचा क्रम आणि वाढण्याची ती पद्धत निर्धास्तपणे अनुभवायची असेल, तर माझं पहिलं मत कोयासानला.

मग तुम्ही काय निवडावं

गुडघ्यांचा त्रास असेल तर वायोशित्सु मागा, म्हणजे पलंग आणि तातामी दोन्ही असलेली खोली. जेवायला टेबल-खुर्ची मिळेल का, ते विचारून ठेवा.

डोंगरात जायला वेळच नसेल, तर टोकियोच्या ओतेमाची भागात 2016 मध्ये सुरू झालेलं होशिनोया टोकियो आहे. 17 मजली इमारत, पण रचना ऱ्योकानची. बूट खाली दारातच काढायचे, लिफ्टमध्येसुद्धा तातामी. खोल्या 84, एका मजल्यावर सहा, आणि सर्वांत वर 1500 मीटर खोलीवरून काढलेलं गरम पाणी. महाग आहे, पण चाकोरी मोडते.

आणि तुम्हाला दिवसभर हिंडायचंच असेल, रात्री उशिराच पोचणार असाल, तर त्यात काही गैर नाही. तेव्हा सुदोमारी, म्हणजे जेवणाशिवाय फक्त मुक्काम, असा दर शोधा, किंवा साधं चांगलं हॉटेल घ्या. पैसे वाचतील आणि कुणी वाट बघत बसणार नाही.

पण दोन जेवणांचा ऱ्योकान घेतलात, तर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. मुक्कामाचा दिवस रिकामा ठेवा. गाडीला उशीर झाला तर लगेच फोन करा, भाषा येत नसेल तर स्टेशनवरच्या किंवा आधीच्या हॉटेलातल्या माणसाला फोन करायला सांगा. आणि अशा बऱ्याच ठिकाणी एका रात्रीपेक्षा जास्त खर्च करायची गरज नाही. एकच रात्र, पण पूर्ण घ्या.

हाकोनेहून निघालो त्या सकाळी ओकामी रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. आदल्या रात्री त्यांचं सगळं रांधलेलं वाया गेलं होतं, तरी त्या हात हलवत होत्या. आई गाडीत मागे वळून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होती. नंतर म्हणाली, "या बाईंकडे एकदा जेवायला यायला हवं गं."

येत्या नोव्हेंबरात जातोय आम्ही. त्याच घरी. दाशीचं, गुडघ्यांचं, सगळं लिहून कळवलंय, आणि त्यांचं हो आलंय. बुकिंग मी केलंय, पण पोचायची वेळ आईने सांगितली. दुपारचे तीन.